सात पापी विद्यापीठें

१९५० सालच्या जानेवारी महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय क्रीडामंडळाची वार्षिक परिषद भरली होती. सात सभासद-संस्थांस मंडळांतून काढून टाकावें असा ठराव तिच्यापुढें होता. बोस्टन कॉलेज, व्हिलानोव्हा, मेरीलंड व व्हर्जिनिया हीं दोन विद्यापीठें, व्हर्जिनियांतील सैनिकी विद्यालय, तेथीलच तंत्रविद्यालय आणि दक्षिण कॅरोलायनांतील सिटाडेल ह्या त्या सात संस्था. वर्तमानपत्रांनीं त्यांस ‘सात पापी’ असें नांव ठेवून दिलें होतें. मतें मोजलीं तेव्हां ठरावाच्या बाजूनें १११ व विरुद्ध ९३ भरलीं. बहुमत झालें खरें. परंतु घटनेप्रमाणें हद्दपारीस दोनतृतीयांश मतें हवीं होतीं, म्हणजे २०४ पैकीं १३६. पंचवीस मतें कमी पडलीं आणि सातहि पापी आपापल्या जागीं बसून राहिले.

ह्या सातांचा अपराध काय? तर खेळांत निपुण असलेल्या तरुणांस नियमाबाहेर पैशाचें साहाय्य करून आपल्या संघांत आणलें हा. अपराध घडला होता, आणि त्याविषयीं फारसा वादहि नव्हता. वाद होता तो निराळाच. मत देणाऱ्या दोनशें चार हातांपैकीं स्वच्छ हात किती, हा प्रश्न त्या दिवशीं भर सभेंत विचारला गेला, आणि त्याचें उत्तर न मिळाल्यामुळेंच ठराव पडला. त्यानंतर पाऊणशें वर्षें लोटलीं. मंडळ वाढलें, श्रीमंत झालें, त्याच्या नियमांचा ग्रंथ शेंकडों पृष्ठांचा झाला. तथापि तो प्रश्न जागचा हललेला दिसत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या प्रश्नाचाच इतिहास सांगावयाचा आहे.

प्रथम आपल्या वाचकांस एक गोष्ट लक्षांत घ्यावी लागेल. आपल्याकडे कॉलेजांतील खेळ म्हटला कीं डोळ्यांपुढें जिमखाना येतो; वर्गणीचे थोडके पैसे, एक माळी, दोन जाळीं, आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या दिवशीं कुंपणाशीं उभीं असलेलीं शें-दोनशें मुलें. अमेरिकेंतील प्रकार ह्या मापानें मोजतां येत नाहीं. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत एका वेळीं एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि तो सामना विद्यार्थ्यांचा असतो. हा फुटबॉलहि आपला नव्हे. हातांत चेंडू घेऊन अंगावर अंग आदळीत पुढें सरकण्याचा तो खेळ आहे. माजी विद्यार्थ्यांचा अभिमान, देणग्यांचा ओघ, राज्याच्या विधिमंडळाची मर्जी हीं सारीं त्या खेळांतील जयापजयाशीं बांधलेलीं असतात. असें असतां एखाद्या गांवांत धांवण्यांत विलक्षण चपळ असा अठरा वर्षांचा मुलगा आहे असें कळलें, कीं त्याच्या दारीं विद्यापीठांचे दूत जमावे यांत नवल तें काय?

ह्या व्यवहाराचा उगम अगदीं पहिल्या सामन्यांतच सांपडतो. १८५२ सालीं हार्वर्ड व येल यांची न्यू हॅम्पशायरमधील विनिपसॉकी सरोवरावर नौकांची शर्यत झाली. अमेरिकेंतील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा प्रारंभ हिच्यापासून मोजतात. शर्यतीचा खर्च केला तो त्या बाजूस जाणाऱ्या रेल्वे कंपनीनें, कां कीं प्रेक्षक आगगाडीनेंच येणार होते! पुढें १८५५ सालीं पुन्हा शर्यत झाली, त्या वेळीं हार्वर्डच्या नावेचें सुकाणू धरणारा गृहस्थ आधींच पदवी घेऊन बाहेर पडलेला होता. येलनें तक्रार केली. म्हणजे दुसऱ्याच भेटींत ‘हा तुमचा विद्यार्थी नव्हे’ हें वाक्य उच्चारलें गेलें होतें.

१९०४ सालीं येलच्या फुटबॉल संघाचा कप्तान जेम्स होगन हा होता. त्याला फी माफ होती, राहावयास उत्तम जागा होती, क्यूबाची सहल घडली होती. आणि ह्या सर्वांवर कडी म्हणजे न्यू हेवन शहरांत खपणाऱ्या सिगारेटींवर त्यास तंबाखूच्या कंपनीकडून दलाली मिळत असे. पुढच्या वर्षीं एका मासिकानें ही हकीकत छापली. परंतु त्या वर्षीं लोक संतापले ते ह्या दलालीमुळें नव्हे. १९०५ च्या हंगामांत खेळतांना कित्येक तरुण प्राणास मुकले, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्यें बोलावून घेतलें, आणि डिसेंबरांत बासष्ट संस्थांनीं एकत्र येऊन मंडळ स्थापिलें. १९१० पासून त्यास आजचें नांव, म्हणजे एन्. सी. ए. ए., मिळालें. मंडळाचा जन्म असा जीव वांचविण्यासाठीं झाला. सचोटी राखण्याचें काम त्यानें तत्त्वतः पत्करलें होतें, पण शिक्षा देण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवला नव्हता. प्रत्येक संस्थेनें आपली अब्रू आपण सांभाळावी असा तेव्हांचा भरंवसा.

तो भरंवसा कितपत खरा होता तें १९२९ सालीं कळलें. कार्नेजी संस्थेच्या वतीनें हॉवर्ड सॅव्हेज यांनीं कॉलेजांतील खेळांची दीर्घ पाहणी केली होती. तिचा वृत्तान्त त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला त्याच आठवड्यांत, प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ११२ संस्थांपैकीं ८१ संस्था खेळाडूंस या ना त्या रूपानें पैसे देत होत्या: कोठें उघड पगार, कोठें माजी विद्यार्थ्यांचा गुप्त निधि, कोठें न करण्याच्या कामाची नोकरी. ज्या समाजांत शंभरांतील सत्तराहून अधिक जण नियम मोडतात तेथें नियम तरी कशास म्हणावें हा प्रश्नच आहे.

योगायोग असा, कीं त्याच वर्षीं आयोवा विद्यापीठास शिक्षा झाली होती. मध्यपश्चिमेंतील ‘बिग टेन’ ह्या दहा विद्यापीठांच्या गटानें, खेळाडूंस गुप्त निधींतून पैसे दिल्याबद्दल, मे महिन्यांत आयोवास बहिष्कृत केलें. बहिष्कार १९३० च्या आरंभापासून अमलांत यावयाचा होता. मध्यें हा वृत्तान्त बाहेर पडला, आणि त्याच दहांतील इतर अनेकांचीं नांवें त्यांत झळकलीं. फेब्रुवारींत आयोवास पुन्हा पदरांत घेण्यांत आलें. आयोवाच्या लोकांची तक्रार ‘आम्ही निर्दोष आहों’ अशी नव्हतीच. ‘आम्हीच कां?’ एवढेंच ते विचारीत होते. दोषी माणसाच्या तोंडीं हा प्रश्न शोभत नाहीं असें नीतिशास्त्र सांगतें. परंतु न्यायशास्त्राला तो टाळतां येत नाहीं. परीक्षेच्या मंडपांत पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलेला कोणताहि शिक्षक सांगेल, कीं पकडला जातो तो बहुधा सर्वांत लबाड मुलगा नसतो, सर्वांत गबाळा असतो. त्याला सोडतां येत नाहीं, आणि त्याच्याकडे पाहतांना आपलें मनहि स्वच्छ राहत नाहीं.

दुसरें महायुद्ध संपलें, सैन्यांतून परतलेले तरुण कॉलेजांत लोटले, आणि खेळाडूंची खेंचाखेंच पूर्वींपेक्षां दुणावली. तेव्हां १९४८ च्या जानेवारींत मंडळानें प्रथमच दांत असलेला कायदा केला. त्याचें नांव ‘सॅनिटी कोड’. ताळ्यावर आणणारी संहिता म्हणा. तिच्यांत असें ठरलें, कीं गरज सिद्ध झाल्यास खेळाडूला फीपुरतें साहाय्य द्यावें. त्यापलीकडे, केवळ खेळतो म्हणून, त्यास राहण्याजेवण्याचा खर्च देऊं नये. तो त्यानें खरें काम करून, त्या कामाच्या रास्त वेतनावर भागवावा. अभ्यासांत असामान्य असेल तर मात्र बुद्धीची शिष्यवृत्ति त्याला मोकळी. आणि हें मोडल्यास शिक्षा एकच, हद्दपारी. ताकीद नाहीं, दंड नाहीं, एका हंगामाची बंदी नाहीं. चोरी लहान असो वा मोठी, फांशीच द्यावयाची असें ठरविलेल्या राज्यांत न्यायाधीश आरोपीस सोडून देण्याचीं निमित्तें शोधूं लागतो. तसेंच येथें झालें.

संहितेंत तत्त्व उत्तम होतें. दोष होता तो तिच्या पोटांतील गृहीत गोष्टींत. फीपुरतें साहाय्य आणि बाकी नोकरी, हें ज्या विद्यापीठाच्या भोंवतीं मोठें शहर आहे, कारखाने आहेत, धनिक माजी विद्यार्थी आहेत, त्याला मुळींच जड नव्हतें. खेळाडूला सोयीची नोकरी लावून देणारे दहा हात तेथें पुढें येत. लहान गांवांतील सैनिकी विद्यालयानें अशी नोकरी कोठून आणावी? तेथील विद्यार्थी दिवसभर कवाइतींत आणि वर्गांत बांधलेला. व्हर्जिनिया विद्यापीठानें तर १९४९ सालींच उघड कळविलें, कीं आम्ही ही संहिता पाळणार नाहीं. खेळून, नोकरी करून आमच्या परीक्षेस लागणारा अभ्यास कोणाहि मुलास होणार नाहीं. सिटाडेलनें कळविलें, कीं मंडळांत राहण्यासाठीं खोटें बोलण्याची आमची तयारी नाहीं. आतां ह्यांतील खोंच पाहावी. चौकशी झाली ती मुख्यतः संस्थांनीं स्वतः दिलेल्या उत्तरांवरून. ज्यांनीं ‘आम्ही नियम पाळतों’ असें लिहून पाठविलें त्यांचें काम झालें. ज्यांनीं खरें लिहिलें ते पापी ठरले.

परिषदेंत मेरीलंडचे अध्यक्ष कर्ली बर्ड यांनीं हेंच सभेच्या पदरांत टाकलें. त्यांनीं ओहायो स्टेट विद्यापीठाचें नांव घेऊन विचारलें, कीं व्हर्जिनियाच्या चौपट-पांचपट खेळाडू सांभाळण्याची सोय ज्यांच्यापाशीं आहे, त्यांनीं व्हर्जिनियास हांकलून देण्यासाठीं मत द्यावयाचें काय? बर्ड हे स्वतः पूर्वीं फुटबॉलचे शिक्षक होते, आणि मेरीलंडच्या संघावर त्यांनीं पैसा ओतला होता. त्यांस कोणी सत्यवान् हरिश्चंद्र म्हणणार नाहीं. पण कधींकधीं अशा माणसाच्या तोंडून निघालेलें सत्यच अधिक लागतें, कारण ऐकणाऱ्यांस त्याच्या ज्ञानाविषयीं शंका नसते. ठराव पडला. पुढच्या वर्षीं, १९५१ सालीं, संहितेंतील तीं कलमेंच रद्द झालीं. आणि १९५६ पासून गरज असो वा नसो, खेळाडूला खेळासाठीं पूर्ण शिष्यवृत्ति देण्यास उघड परवानगी मिळाली. सात पाप्यांचें पाप सहा वर्षांत सर्वांचा नियम झालें.

१९५१ सालीं वॉल्टर बायर्स हे मंडळाचे कार्यवाह झाले व १९८७ पर्यंत त्या जागीं राहिले. छत्तीस वर्षें एकाच माणसाच्या हातीं सूत्रें. त्यांनीं हेरलें, कीं हद्दपारीचें अस्त्र निरुपयोगी आहे. सभासदांस धाक हवा तर त्यांच्या सामन्यांवर आणि उत्पन्नावर हात ठेवला पाहिजे. दूरचित्रवाणी नुकतीच आली होती. कोणाचे सामने केव्हां दाखवावयाचे हें मंडळानें आपल्या हातीं घेतलें. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानें १९५१ सालीं तें जुमानलें नाहीं, तेव्हां मंडळानें त्यास दोषी ठरविलें, इतर विद्यापीठें त्याच्याशीं खेळण्यास कचरूं लागलीं, आणि तें शरण आलें. हाच उपाय पुढें केंटकीवर चालला. बास्केटबॉलमध्यें केंटकीचा संघ देशांत अग्रगण्य. त्याच्या खेळाडूंनीं जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांतील गुण कमीजास्त केल्याचें उघडकीस आलें, नियमबाह्य पैशाचीहि भानगड निघाली. १९५२-५३ चा सबंध हंगाम केंटकीस घरीं बसावें लागलें. मंडळानें बड्या संस्थांस कधींच हात लावला नाहीं असें म्हणणें म्हणूनच खरें नाहीं; तें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. मात्र केंटकी दुसऱ्या वर्षीं परत आलें तें पंचवीसपैकीं पंचवीस सामने जिंकीत! बड्या घरच्या पुरुषाचा तुरुंगवास आणि गरीबाचा तुरुंगवास ह्यांत भिंती सारख्या असल्या तरी बाहेर आल्यावरचें जग सारखें नसतें.

आतां ज्या गृहस्थाचें नांव ह्या इतिहासांत टाळतां येत नाहीं त्याकडे वळूं. जेरी तारकेनियन हे कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें बास्केटबॉलचे शिक्षक होते. १९७० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांनीं तेथील वर्तमानपत्रांत लेख लिहून मंडळास विचारलें, कीं तुम्ही वेस्टर्न केंटकीसारख्या लहान संस्थेच्या मागें लागतां, पण केंटकीकडे कां पाहत नाहीं? १९७३ सालीं ते नेव्हाडांतील लास व्हेगस विद्यापीठांत गेले. १९७४ च्या आरंभीं लाँग बीचवर शिक्षा आली, आणि लास व्हेगसचीहि चौकशी झाली. १९७७ सालीं मंडळाच्या समितीनें त्या विद्यापीठावर ३८ दोष ठेवले, त्यांतील दहा तारकेनियन यांच्या नांवावर. आणि त्यांस दोन वर्षें खेळापासून दूर करावें अशी विद्यापीठास आज्ञा केली. लेख आणि चौकशी ह्यांत कार्यकारणभाव होता कीं काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मंडळानें तो नाकारला.

त्यानंतर विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्यानें ह्या प्रकरणाची स्वतंत्र सुनावणी केली. पुरावा पुरेसा आहे कीं नाहीं याची त्यास शंका वाटली, आणि त्यानें आपल्या अध्यक्षांपुढें तीन मार्ग ठेवले. मंडळाची आज्ञा झुगारावी आणि अधिक कडक शिक्षेचा धोका पत्करावा. अथवा, मंडळ चुकलें आहे असें वाटत असूनहि, न्यायाचा अधिकार आपण त्याच्या हातीं दिला आहे असें मानून तारकेनियन यांस दूर करावें. अथवा जो निर्णय अन्यायाचा वाटतो तो अमलांत आणणार नाहीं असें म्हणून मंडळच सोडावें. अध्यक्षांनीं दुसरा मार्ग निवडला. अन्याय आहे असें वाटत असतां तो आपल्या हातानें करावयाचा, कारण न केल्यास सर्वांचेंच नुकसान होईल: संस्थांच्या कारभारांत वावरलेल्या कोणास ही मनःस्थिति अनोळखी आहे? हे तीन पर्याय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत नमूद आहेत, आणि मला त्या निकालपत्रांतील सर्वांत बोलका भाग तोच वाटतो.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, कारण तारकेनियन यांनीं राज्याच्या न्यायालयांतून मनाई मिळविली होती. १२ डिसेंबर १९८८ रोजीं पांचविरुद्ध चार मतांनीं निकाल लागला. बहुमताचें म्हणणें असें, कीं मंडळ ही खासगी संस्था आहे. सरकारनें नागरिकास शिक्षा करतांना जी रीतसर कार्यपद्धति पाळली पाहिजे ती पाळण्याचें बंधन तिच्यावर नाहीं. विरुद्ध मत लिहिणारे न्यायमूर्ति बायरन व्हाइट हे तरुणपणीं कॉलेज फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते. गंमत अशी, कीं चारच वर्षांपूर्वीं, १९८४ सालीं, दूरचित्रवाणीवरील मंडळाची मक्तेदारी न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं मोडली तेव्हां हेच व्हाइट मंडळाच्या बाजूनें उभे होते. मंडळानें खेळ आपल्या ताब्यांत ठेवावा हें त्यांस मान्य होतें. पण शिक्षा करतांना त्यानें आरोपीचें ऐकून घ्यावें हेंहि त्यांस तितकेंच मान्य होतें. ह्या दोन मतांत विसंगति आहे असें मला वाटत नाहीं.

पुढें नेव्हाडासह कांहीं राज्यांनीं मंडळाच्या चौकशीस रीतसर पद्धतीचें बंधन घालणारे कायदे केले. नेव्हाडाचा कायदा १९९३ सालीं संघराज्याच्या न्यायालयानें रद्द ठरविला. राज्याराज्यांत निराळे नियम झाले तर देशभर एक खेळ कसा चालावयाचा, हें त्यामागचें कारण खोटें नव्हे. शेवटीं १९९८ सालीं मंडळानें तारकेनियन यांस पंचवीस लक्ष डॉलर देऊन तंटा मिटविला. तारकेनियन साधु नव्हते. १९९० सालीं त्यांनीं विद्यापीठास अजिंक्यपद मिळवून दिलें, आणि १९९१ सालीं त्यांच्या खेळाडूंचें, सामन्यांत लबाडी केल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या एका माणसाबरोबरचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. त्यानंतर ते फार दिवस टिकले नाहींत. पण त्यांचें एक वाक्य मात्र टिकलें. केंटकीहून एका खेळाडूच्या वडिलांस पाठविलेलें पाकीट १९८८ सालीं वाटेंत फुटलें आणि आंतून एक हजार डॉलर निघाले, तेव्हां ते म्हणाले, कीं मंडळ केंटकीवर इतकें रागावलें आहे, कीं तें आतां क्लीव्हलंड स्टेटला आणखी दोन वर्षें शिक्षा करील! पुढें केंटकीसहि शिक्षा झालीच. पण विनोद विसरला गेला नाहीं.

ह्याच सुमारास टेक्सासमध्यें जें घडलें त्यांत कबुलीची किंमत काय हें स्पष्ट दिसतें. फोर्ट वर्थ येथील टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे शिक्षक जिम वॅकर यांस १९८५ च्या सप्टेंबरांत कळलें, कीं आपल्या कांहीं खेळाडूंस धनिक अभिमान्यांकडून पैसे मिळत आहेत. हें पूर्वींच्या राजवटींत सुरू झालेलें होतें. त्यांनीं सहा खेळाडू, त्यांत संघाचा सर्वोत्तम धांवपटु, ताबडतोब काढून टाकले आणि मंडळास स्वतः कळविलें. १९८६ सालीं मंडळानें त्या विद्यापीठास तीन वर्षें देखरेखीखालीं ठेवलें, शिष्यवृत्त्या मोठ्या संख्येनें कमी केल्या, दूरचित्रवाणीचे मिळालेले पैसे परत मागितले. तेथून तीसचाळीस मैलांवर, डॅलस येथें, सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठ आहे. त्याची गोष्ट उलटी. १९८५ सालीं त्यास शिक्षा झाली, पैसे देणें बंद करण्याचें वचन त्यानें दिलें, आणि त्यानंतरहि सुमारें ६१ हजार डॉलर तेरा खेळाडूंस गुप्तपणें वांटण्यांत आले. हें चालूं ठेवण्यास संमति देणाऱ्यांत विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लेमंट्स होते. ते पूर्वीं टेक्सासचे गव्हर्नर होते आणि १९८७ च्या जानेवारींत पुन्हा गव्हर्नर झाले. मार्चमध्यें त्यांनीं हें कबूल केलें. त्यांची सबब अशी, कीं मुलांस दिलेला शब्द मोडणें बरें दिसलें नसतें. जुने करार पुरे करावे, नवे करूं नयेत. लांच देण्याच्या बाबतींतहि वचनाला जागणारा हा प्रामाणिकपणा पाहून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं.

२५ फेब्रुवारी १९८७ रोजीं मंडळानें ह्या विद्यापीठाचा फुटबॉलच बंद केला. १९८५ सालीं पुनःपुन्हा अपराध करणाऱ्यांसाठीं जो नियम झाला होता त्याचा हा प्रयोग; लोक त्यास देहान्त शिक्षा म्हणतात. १९८७ चा हंगाम रद्द झाला, १९८८ चा विद्यापीठानें स्वतः सोडला. शिक्षा जाहीर होतांच इतर अनेक विद्यापीठांचे दूत डॅलसला धांवले, आणि उरलेले खेळाडू आपल्याकडे ओढूं लागले. मयताच्या घरीं भांडींकुंडीं पाहावयास आलेल्या भाऊबंदांची आठवण व्हावी असें तें दृश्य. १९८९ सालीं संघ परत उभा राहिला तो कोवळ्या मुलांचा. ह्यूस्टन विद्यापीठानें त्यास ९५ विरुद्ध २१ असें चिरडलें. पुढील वीस वर्षांत हारीपेक्षां जीत अधिक असा त्याचा एकच हंगाम झाला. त्या गटांतील बहुतेक विद्यापीठें त्या दशकांत केव्हां ना केव्हां दोषी ठरलीं होतीं. शिक्षेस हें विद्यापीठ पात्र होतें यांत मला शंका नाहीं. परंतु मोठ्या विद्यापीठाच्या फुटबॉलवर ती शिक्षा पुन्हा कधींहि लादली गेली नाहीं, आणि तिला पात्र असें दुसरें कोणी त्यानंतर झालेंच नाहीं ही गोष्ट कोण मानील?

मंडळ पक्षपाती आहे असें म्हणून माणसें मोकळीं होतात; माझ्या मतें दोष व्यक्तींच्या मनांत शोधण्यापेक्षां रचनेंत शोधावा. येथें न्यायाधीश, फिर्यादी आणि आरोपी हे सारे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत आणि भागीदारहि आहेत. मार्च महिन्यांतील बास्केटबॉलच्या स्पर्धेसाठीं २०१० सालीं दूरचित्रवाणी कंपन्यांनीं चौदा वर्षांचे १०८० कोटि डॉलर देऊं केले. ते पैसे मोठीं नांवें मैदानावर असतील म्हणूनच दिले. मंडळापाशीं साक्षीदारास शपथेवर बोलावण्याचा अधिकार नाहीं. मग पुरावा मिळतो कोणाकडून? जो सहकार्य करतो त्याच्याकडून. आणि शिक्षा कोणास होते? ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे त्यास.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत १९९३ पासून २०११ पर्यंत अठरा वर्षें असे वर्ग चालले, कीं जे भरतच नसत. एक निबंध द्यावा आणि उत्तम गुण घ्यावे. तीन हजार शंभरांहून अधिक विद्यार्थ्यांनीं त्यांचा लाभ घेतला, त्यांतील सुमारें निम्मे खेळाडू. २०१७ च्या ऑक्टोबरांत मंडळाच्या समितीनें निर्णय दिला, कीं हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांस मोकळे होते, तेव्हां खेळाडूंस विशेष लाभ दिल्याचा दोष सिद्ध होत नाहीं. शिक्षा नाहीं! अध्यापकाच्या दृष्टीनें ह्याहून मोठा अपराध विद्यापीठांत संभवत नाहीं. पण एका मुलास जेवूं घातल्याचा दोष ज्या ग्रंथांत सांपडतो त्या ग्रंथांत ह्याला कलम नव्हतें.

त्याच वर्षीं संघराज्याच्या पोलिसांनीं बास्केटबॉलमधील लांचलुचपतीवर धाड घातली. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा एक साहाय्यक शिक्षक लांच घेतल्याबद्दल न्यायालयांत दोषी ठरला. विद्यापीठानें त्यास काढून टाकलें, चौकशीस सर्व साहाय्य केलें, आणि २०२० सालीं त्यास एका वर्षाची स्पर्धाबंदी मिळाली. अपील फेंटाळलें गेलें. त्याच धाडींतून निघालेल्या प्रकरणांत कॅन्ससवर २०१९ सालीं याहून गंभीर आरोप ठेवले गेले. कॅन्ससनें ते जोरानें नाकारले, आणि प्रकरण नव्यानें नेमलेल्या स्वतंत्र न्यायमंडळाकडे गेलें. २०२२ सालच्या अंतिम सामन्यांत दोन संघ उतरले, कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलायना. कॅन्ससनें ७२ विरुद्ध ६९ असा तो जिंकला. ओक्लाहोमा स्टेटचीं मुलें त्या वर्षीं घरीं होतीं. कॅन्ससचा निकाल २०२३ च्या ऑक्टोबरांत लागला: २०१७-१८ च्या हंगामांतील पंधरा विजय कागदावरून पुसले गेले, स्पर्धाबंदी नाहीं.

दरम्यान पायाच बदलला. २०२१ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें मंडळाच्या बंधनांविरुद्ध निर्णय दिला. पुढच्याच महिन्यापासून खेळाडूंस आपल्या नांवावर पैसे मिळविण्याची मोकळीक झाली. सदर्न कॅलिफोर्नियाचा रेजी बुश यानें नियमबाह्य पैसे घेतल्याच्या प्रकरणांत २०१० सालीं त्याचें हाइजमन पारितोषिक परत गेलें होतें. तें २०२४ सालीं त्याला पुन्हा देण्यांत आलें. ६ जून २०२५ रोजीं न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें विद्यापीठांस स्वतःच खेळाडूंस पैसे देण्याची मुभा मिळाली, मर्यादा पहिल्या वर्षासाठीं सुमारें २ कोटि ५ लक्ष डॉलर. आणि ही मर्यादा कोण ओलांडतो हें पाहण्यासाठीं आणखी एक नवीन मंडळ नेमण्यांत आलें.

डॅलसच्या त्या विद्यापीठाचें पुढें काय झालें? २०२३ सालीं अटलांटिक किनाऱ्यावरील बड्या विद्यापीठांच्या गटांत त्यास प्रवेश मिळाला, अट अशी कीं दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा वांटा नऊ वर्षें मागावयाचा नाहीं. धनिक अभिमान्यांनीं एका आठवड्यांत दहा कोटि डॉलर उघडपणें जमविले. २०२४ च्या हंगामांत त्या संघानें राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बारांत स्थान मिळविलें. व्हर्जिनिया, बोस्टन कॉलेज आणि व्हर्जिनियाचें तंत्रविद्यालय, म्हणजे १९५० च्या सातांपैकीं तीन, आज त्याच्याच गटांत खेळतात.